जुन्या घराची ओल: आधी पाणी शोधू की भिंतीला अस्तर लावू?

उंबरा

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय. परवा गवंडी येऊन भिंतीला भोकं पाडायला सुरुवात करणार आहे.

घर नव्वद वर्षांचं आहे. खाली चार खोल्या, वर दोन. भिंती दीड फूट जाड, भरीव विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. आधीच्या मालकाने बाहेरून सगळीकडे सिमेंटचा गिलावा चढवला आणि आतून चकचकीत ऑइलपेंट मारला. दीड वर्षापूर्वी आम्ही राहायला आलो तेव्हा घर अगदी तुकतुकीत दिसत होतं. पहिल्या पावसात रंगाला फोड आले. एक फोड मी नखाने फोडला तर आतून चमचाभर पाणी ओघळलं आणि मागची वीट बोटाने खरवडता आली.

सगळ्यात वाईट अवस्था उत्तरेच्या खोलीची. ती सासूबाईंची. तळापासून मांडीएवढ्या उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटतो, कापूस पिंजल्यासारखा. झाडला की आठवड्यात परत हजर. कपाटामागे वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके. कपाटातल्या चामडी चपलांवर हिरवी लव, शब्दकोशाची पानं लाटांसारखी. थंडीत हीटर दिवसभर चालू ठेवूनही खोलीत ऊब धरत नाही. सासूबाई म्हणतात, "अंथरुणात शिरलं की कुणीतरी ओलं फडकं अंगावर टाकल्यासारखं वाटतं."

तीन माणसं येऊन बघून गेली. पहिला म्हणाला, तळाशी ओळीने भोकं पाडून रसायन भरू. दुसरा म्हणाला, आतून दोन इंच थर्माकोल आणि त्यावर जिप्समचा बोर्ड, ओलही दिसणार नाही आणि खोलीही गरम. तिसऱ्याने दोन टाचण्यांचं यंत्र भिंतीला टोचलं, "अठ्ठ्याण्णव!" असं डॉक्टरी चेहऱ्याने सांगितलं आणि वॉटरप्रूफ लेप सुचवला. तिघांनी मिळून अर्धा तासही भिंत पाहिली नसेल. बाहेर जाऊन तर कुणीच पाहिली नाही.

मी पहिल्याला होकार दिलाय, पण रात्री झोप लागत नाही. खर्च एकदाच करता येणार आहे. कुठून सुरुवात करू?

झटपट

फार डोकं लावू नका. दुसऱ्याचं ऐका. आमच्याकडे बोर्ड लावले, चार दिवसांत काम आटोपलं. भिंत गुळगुळीत, खोली उबदार, ओल गायब.

चुन्याची_निवळी

@झटपट, गायब झाली की दिसेनाशी झाली?

उंबराताई, आधी गवंड्याला फोन करून थांबवा. मग पुढचं वाचा.

हाच बोर्डाचा शहाणपणा मी स्वतःच्या घरात केला होता. पहिली दोन वर्षं मीही असंच सगळ्यांना सांगत फिरत होतो. तिसऱ्या वर्षी वरच्या खोलीची जमीन चालताना किंचित दबायला लागली. बोर्ड काढला. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पेचकसाने टोचून पाहिलं, तर पेचकस मुठीपर्यंत आत गेला. लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं.

झालं काय, तर भिंतीला बाहेरून सिमेंटने आधीच कोंडलं होतं. आतल्या बाजूने ती थोडीफार सुकायची, ती वाट मी थर्माकोलने बुजवली. शिवाय खोलीतली ऊब भिंतीपर्यंत पोचेना, म्हणून भिंत पूर्वीपेक्षा थंड राहायला लागली. थंड, ओली आणि दोन्हीकडून बंद. लाकूड कुजायला आणखी काय लागतं?

चुन्याच्या भिंतीचा स्वभाव समजून घ्या. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, आणि ते घरोघरी पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. तोवर भिंती पाणी अडवून टिकत नव्हत्या. पाऊस पडला की थोडं प्यायच्या, ऊन आणि वारा मिळाला की सोडून द्यायच्या. विटांच्या सांध्यांतल्या चुन्यामधून ती वाफ बाहेर पडायची. त्यावर घट्ट सिमेंट चढवलं की बारीक तडेही जातात. तड्यातून पाणी आत शिरतं, परत निघायला मात्र वाव नाही.

त्या "अठ्ठ्याण्णव"चं मनाला लावून घेऊ नका. टाचण्यांचं यंत्र विजेचा रोध मोजतं आणि त्यावरचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. विटेत क्षार असले की वीज सहज वाहते, काटा उडी मारतो. भिंतीत अठ्ठ्याण्णव टक्के पाणी असतं तर भिंत बादलीत न्यावी लागली असती. हे यंत्र एकाच भिंतीवर इथे जास्त की तिथे जास्त एवढं सांगायला बरं.

आता बिनखर्चाची चाचणी. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, वीतभर चौकोन कापा, भिंत पुसून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवस हात लावू नका. खोलीच्या बाजूने दव धरलं तर पाणी हवेतलं आहे. काढल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. एकाच जागी लावून थांबू नका. एक तळाशी, एक छातीच्या उंचीवर, एक त्या काळ्या ठिपक्यांजवळ.

आणि दुसरं काम. पुढचा जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन घराभोवती फिरा. पन्हाळ कुठे ओसंडते, पाइपाचं पाणी शेवटी कुठे पडतं, भिंतीच्या पायाशी डबकं कुठे साचतं, बघून या. घरात बसून ओलीचं निदान होत नाही.

तावदान

निवळींच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो. पेशाने इमारतींच्या उष्णतेचे हिशोब करतो, सवय आहे.

तुमच्या वर्णनात दोन वेगळे आजार दिसतात. जमिनीतून वर चढणारी ओल सहसा मीटर-दीड मीटरच्या वर जात नाही. पाण्याबरोबर क्षार चढतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तोच तुमचा लोणा. कपाटामागचे वरच्या कोपऱ्यातले काळे ठिपके मात्र वेगळे. तिथे खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर बसत असणार. पहिल्याचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि भोकं पाडणारा माणूस दोन्हींसाठी भोकंच पाडणार.

एक साधा आर्द्रतामापक आणि भिंतीचं तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळवा. सकाळी आणि रात्री खोली, बाहेरची हवा आणि कपाटामागचा कोपरा यांची नोंद ठेवा. बुरशीला भिंत भिजलेलीच लागते असं नाही. भिंतीला चिकटून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की तिला पुरतं. आयएसओ १३७८८ या मानकातही बुरशीसाठी हाच उंबरठा धरलाय. (उंबरा, तुमच्या नावावर कोटी नाही.) खोली २० अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर १८ अंशांखालचा कुठलाही पृष्ठभाग धोक्यात येतो.

आणि ओल ही ऊर्जेचीही गोष्ट आहे, फक्त रंगाची नाही. भिंतीतून एक लिटर पाणी उडून जायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते. ती तुमच्या हीटरच्या खात्यातून जाते. त्यात विटेच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी असलं तर उष्णतेला वाहून जायला फारच सोपं, कारण स्थिर हवेच्या मानाने पाणी वीसपटीहून जास्त उष्णतावाहक आहे. म्हणजे ओल घालवणं हेही थर्माकोलइतकंच इन्सुलेशनचं काम.

उंबरा (नऊ दिवसांनी)

गवंड्याला थांबवलं. तो रागावला, ते असो.

निकाल ऐका. तळाच्या फॉइलमागे थेंब, बाहेरून कोरडी. कपाटामागची बाहेरून भिजलेली, मागून कोरडी. मधली दोन्हीकडून कोरडी. तावदान, तुमचे दोन आजार बरोबर निघाले. कपाटामागची फॉइल काढताना बोटांवर पाणी आलं तेव्हा खरं सांगते, आनंद झाला. इतके दिवस भिंतीला शिव्या घालत होते.

नोंदी अशा: सकाळी सातला खोली १९ अंश, आर्द्रता ७४. कपाटामागचा कोपरा १३.८. बाहेर ९ अंश आणि ८८.

परवा रात्री पाऊस झाला. नवऱ्याला उठवलं, दोघं छत्र्या घेऊन बाहेर. शेजारच्यांनी खिडकीतून पाहिलं, काय समजले कोण जाणे. उत्तरेच्या पन्हाळीचा सांधा उघडा आहे. तिथून धार थेट भिंतीवर येते आणि सिमेंटच्या तड्यातून नाहीशी होते. खाली पडत नाही, नाहीशी होते! दुसरी गोष्ट, भिंतीला लागून काँक्रीटची पायवाट आहे. पट्टी आणि पाण्याची नळी लावून पातळी काढली, तर पायवाट आतल्या फरशीपेक्षा सात सेंटीमीटर वर. घर उथळ थाळीत बसलंय.

तिसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. त्या खोलीतला हीटर गॅसचा आहे, चाकांचा, धुराडं नसलेला. आणि "थंडी येते" म्हणून भिंतीतला झरोका मीच कापडाचा बोळा कोंबून बंद केला होता.

बाहेर ८८ टक्के आर्द्रता असताना खिडकी उघडून उपयोग तरी काय?

तावदान

तो हीटर आजच बंद करा आणि बोळा काढा. हे उद्यावर टाकू नका. धुराडं नसलेली ज्योत बंद खोलीत खोलीतलाच प्राणवायू संपवते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो. ज्योतीवर चालणारं कुठलंही उपकरण घरात असेल तर त्याचा इशारा देणारं यंत्र बसवल्याशिवाय एकही फट बुजवू नका.

ओलीच्या दृष्टीनेही तो हीटर घातकच आहे. एक किलो घरगुती गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. भिंत गरम करायला म्हणून तुम्ही भिंतीला पाणी पाजत होतात.

खिडकीचं कोडं सोपं आहे, टक्के बघू नका, ग्रॅम बघा. १९ अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त १६.३ ग्रॅम वाफ धरते. त्याचे ७४ टक्के म्हणजे १२.१ ग्रॅम. ९ अंशांची हवा ८.८ ग्रॅमच धरते, तिचे ८८ टक्के ७.८ ग्रॅम. बाहेरची हवा "ओलसर" दिसते, पण तिच्यात पाणी कमी आहे. ती आत येऊन १९ अंशांवर तापली की तिची आर्द्रता पन्नाशीच्या खाली येते. समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा, मग बंद करा. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं, भिंती थंड पडत नाहीत.

तुमच्या खोलीतल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) १४.३ निघतो आणि कोपरा १३.८. अर्ध्या अंशाने घात केलाय. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

चुन्याची_निवळी

"थाळीत बसलंय", वा ताई, निदान तुम्हीच केलंत.

पन्हाळीकडे लोक दुर्लक्ष करतात म्हणून हिशोब सांगतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छपराची एक उतरण ४० चौरस मीटर धरली तर ३० मिलिमीटरच्या पावसात १२०० लिटर पाणी त्या एका पन्हाळीत येतं. दहावा हिस्सा जरी फुटक्या सांध्यातून भिंतीत गेला तरी १२० लिटर झाले. एका रात्रीत. यापुढे रसायनाची भोकं काय करणार?

तेव्हा आधी सांधा. मग पायवाट. भिंतीलगतची फूटभर पट्टी कापून काढा, आतल्या फरशीच्या किमान १५० मिलिमीटर खाली उतरा, तळाला घराबाहेरच्या दिशेने उतार द्या आणि मोठी खडी भरा. खडीत शिरलेलं पाणी पुढे कुठे जाणार ते आधी ठरवा, नाहीतर नवीन डबकं तयार कराल. खणताना पायाच्या तळाखाली जाऊ नका. जुन्या घरांचे पाये फार उथळ असतात, हे काम अंगावर आलेलं मी पाहिलंय.

त्यानंतर बाहेरचा सिमेंट गिलावा. हातोडीने ठोकून बघा, पोकळ आवाज येतो तिथे तो आपसूक सुटतो. जिथे विटेचा पापुद्रा घेऊन निघतो तिथे हट्ट करू नका. आतून तो लोणा जिथे संपतो त्याच्या अर्धा मीटर वरपर्यंत जुना गिलावा उतरवा, कारण त्यात बसलेले क्षार हवेतलीही ओल ओढतात. ओलीचं मूळ बंद झालं तरी तो गिलावा दमट राहतो आणि माणूस म्हणतो उपाय फसला. नवीन गिलावा चुन्याचा, रंगही चुन्याचा. जिप्सम त्या भिंतीला लावू नका.

मग थांबा. ढोबळ हिशोब असा की भिंत सुकायला इंचाला एक महिना. तुमची अठरा इंच आहे. हे ऐकून बहुतेक जण पुन्हा बोर्डवाल्याकडे जातात.

तावदान

इथे माझा थोडा मतभेद. दीड वर्ष सासूबाईंनी थंडीत का काढायचं? आतून लाकडी तंतूंचे फळे (बोर्ड) चुन्याच्या लेपात पूर्ण चिकटवले, मागे पोकळी ठेवली नाही, तर वाफ ये-जा करते. आणि जाडीचा लोभ नको. तुमच्या भिंतीतून सध्या दर चौरस मीटरला, अंशाच्या एका फरकाला, सुमारे १.४ वॉट जातात. ४० मिलिमीटरच्या फळ्याने ते ०.६ वर येतात. आणखी ४० लावले तर ०.३७. दुसऱ्या थराची कमाई थोडी, पण भिंत मात्र जास्त थंड पडते.

चुन्याची_निवळी

फळे चांगलेच आहेत, मी नाही म्हणत नाही. पण ओल्या भिंतीवर नको. लाकडाचे तंतू आहेत, तुळईसारखेच कुजतील. आधी इन्सुलेशन छपराखाली घाला. वरच्या छतावर २०० ते ३०० मिलिमीटर लोकर टाका, वळचणीशी हवेला दोन इंच वाट सोडा. खिडक्यांना आतून दुसरं तावदान बसवा (तुमच्या नावावर कोटी आहे). सासूबाईंना ऊब तिथूनच मिळेल आणि भिंतीला हात लागणार नाही.

तावदान

बरं, छप्पर आधी, हे मान्य. फळ्यांचं एका थंडीनंतर बोलू.

अर्धवट_झोप

मध्येच डोकावतो. तोवर हवेतलं पाणी काढणारं यंत्र भाड्याने घ्या. खिडक्या बंद ठेवून चालवा, नाहीतर सगळ्या जगाची हवा वाळवत बसाल. खोली फार थंड असेल तर कॉम्प्रेसरवालं गोठून बसतं, १५ अंशांखाली ओल शोषणाऱ्या चाकाचं बरं. थंडीत त्याची वीज वाया जात नाही, सगळी उष्णता खोलीतच राहते. आवाजाबद्दल मात्र काही बोलू नका. माझं नाव त्यावरूनच पडलंय.

उंबरा (आठ महिन्यांनी)

सांगायचं राहिलं होतं. पन्हाळ, पायवाट, छताची लोकर आणि न्हाणीघरात आर्द्रता बघून आपोआप चालणारा पंखा, एवढं झालं. गॅसचा हीटर गेला, विजेचा आला. पायवाट कापल्यावर पहिल्याच पावसात खडीतून पाणी वाहताना दिसलं, आणि मी वेड्यासारखी ते बघत उभी राहिले. फळ्यांवर तावदान अजून ठाम आहेत, पण भिंत अजून सुकतेय, म्हणून हात लावलेला नाही.

मध्ये एक फजिती केली. थंडीभर खिडक्या उघडायची सवय लागली. मग उकाड्याचे दमट दिवस आले, तरी सकाळी दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड. तिसऱ्या दिवशी खोलीतली फरशी पुसल्यासारखी ओली. मला वाटलं पायवाट फसली. फॉइल लावली तर पाणी वरच्या बाजूने. बाहेर ३० अंश, ८० टक्के, म्हणजे घनमीटरला चोवीस ग्रॅम, आणि फरशी २४ अंशांची. दवबिंदू त्याच्याही वर. थंडीत ज्या खिडकीने खोली वाळवली तिनेच उन्हाळ्यात भिजवली. आता तापमान आणि ग्रॅमचा तक्ता खिडकीच्या चौकटीला चिकटवलाय. सासूबाई चष्मा लावून तो वाचतात आणि माझ्याआधी खिडकी लावून मोकळ्या होतात.

आजचा आकडा, खोली २१, आर्द्रता ५८. कपाटामागचा कोपरा १८.२, ठिपके पुसल्यावर परत आले नाहीत. लोणा अजून येतो, पण वीतभरच, आणि कापसासारखा नाही, पिठासारखा. चपला बऱ्या आहेत. शब्दकोश गेला तो गेलाच.

जिन्याखालचा कोपरा मात्र अजून ८१ टक्के आर्द्रता दाखवतो. तिथे ना पन्हाळ ना पायवाट. वर न्हाणीघराचा नळ जातो. परवा फॉइल लावलीय, उद्या काढणार आहे.